औषध, सवय आणि माकडाची आठवण



वैद्यानं औषधाची पुडी बांधून दिली आणि जाता जाता अट घातली, घेताना माकडाची आठवण काढायची नाही. ही गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली असेल. रोगी घरी येतो, पाण्याचं भांडं उचलतो, आणि जन्मात कधी न आठवलेलं माकड नेमकं तेव्हाच पुढ्यात येऊन बसतं. आपण हसतो आणि वैद्याच्या चलाखीला दाद देतो. रोग्याचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हाच प्रयोग माकडाऐवजी पांढरं अस्वल घेऊन केला. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्यांनी आधी विचार दाबला होता त्यांना नंतर मोकळीक दिली, तेव्हा त्यांना अस्वल इतरांपेक्षा जास्त आठवलं.

आजचा विषय त्या रोग्याचा आहे. दोन आजार, त्यांची औषधं, आणि औषधाच्या जोडीनं रोजच्या जगण्यात काय बदलायचं. पहिला आजार ओसीडी, म्हणजे आपला मंत्रचळ. दुसरा सोशल अँग्झायटी, म्हणजे चारचौघांची भीती. दोन्ही एकाच माणसात नांदताना पुष्कळदा दिसतात, आणि दोन्हींवरची मुख्य औषधंही एकाच गटातली आहेत. मला मांडायची आहे ती गोष्ट एकच. या आजारांत गोळीचं काम वेगळं आणि सवयीचं वेगळं. आणि सवय चांगली की वाईट हे तिच्या नावावरून कळत नाही. ती माणसाला भीतीपुढे उभं करते की भीतीपासून पळायला वाट काढून देते, एवढंच पाहावं लागतं. सकाळचं फिरणं, प्राणायाम, जप, वेळेवर झोप, यातली प्रत्येक गोष्ट एकाचं पथ्य असू शकते आणि दुसऱ्याच्या आजाराचा नवा अवतार.

मराठीला मंत्रचळाचं नाव बाहेरून आणावं लागलं नाही. मंत्र म्हणताना अक्षर चुकलं असं वाटलं की पहिल्यापासून, पुन्हा शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. आजाराची सगळी घडण या शब्दातून डोळ्यांसमोर येते. आधी एक विचार घुसतो, तो नकोसा असतो, त्यानं जीव कासावीस होतो. मग ती कासाविशी घालवायला एक कृती करावी लागते, धुणं, तपासणं, मोजणं, मनात काही म्हणणं. फ्रॉइडनं १९०७ साली या कृतींची तुलना धार्मिक विधींशी केली होती. ती वरवर पटते, पण एक फरक ठसठशीत आहे. सोवळं पाळणाऱ्या घरात पूजा आटोपली की माणसं जेवायला बसतात. विधीला शेवट असतो. मंत्रचळाला उत्तरपूजा नसते.

आता तो घुसणारा विचार. तो आजारी मेंदूतूनच येतो असं रुग्णाला वाटतं, घरच्यांनाही वाटतं. १९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्व्हा यांनी लंडनमध्ये कोणताही मानसिक आजार नसलेल्या १२४ लोकांना विचारलं, नको असलेले, ओंगळ किंवा भयंकर विचार तुमच्या मनात अचानक येतात का? जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी हो म्हटलं. त्या विचारांची यादी आणि रुग्णांच्या विचारांची यादी शेजारी ठेवली, तर कुठली कुणाची हे ओळखणं जाणकारांनाही सोपं गेलं नाही. बाळाला घेऊन गच्चीत उभं असताना हात सुटला तर, देवापुढे हात जोडलेले असताना तोंडात शिवी आली तर, फलाटावर पुढच्याला धक्का द्यावासा वाटला तर; हे विचार येणं हा आजारच नाही. बहुतेकांच्या मनातून ते माशी उडावी तसे उडून जातात. ज्याला ते आपल्या चारित्र्याचा पुरावा वाटतात, तो त्यांना हाकलायला बसतो, आणि माकडाची गोष्ट सुरू होते.

हे हाकलणं कसं चालतं ते जवळून पाहू. रात्रीचे साडेदहा झालेत, स्वयंपाकघरातला दिवा घालवायचा आहे. शेगडीची बटणं सरळ आहेत, रेग्युलेटर बंद आहे, दिसतंय. तरी बोट टेकवून पाहावं लागतं. बोट टेकवताना बटण फिरलं तर नाही? म्हणून पुन्हा. तीन वेळा झालं, पण तीन आकडा बरा नाही, म्हणून चौथ्यांदा. हल्ली बटणांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतात आणि अंथरुणात तो मोठा करून न्याहाळतात; हा फोटो कालचा तर नाही, ही शंका तयारच असते. योगायोग असा की दोन डच संशोधकांनी, व्हान डेन हाउट आणि किंट यांनी, २००३ साली नेमकी शेगडीच निवडली. संगणकावर काढलेल्या शेगडीची बटणं त्यांनी धडधाकट विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा तपासायला लावली. वीस वेळा तपासल्यावरही आठवण चुकत नव्हती, पण आठवणीवरचा विश्वास उडाला होता. चित्र धूसर झालं होतं. म्हणजे शंका आली म्हणून माणूस तपासतो हे अर्धंच खरं. तपासतो म्हणून शंका येते, हे उरलेलं अर्धं. तपासल्यानं क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटणंच पुढच्या फेरीचं आमंत्रण ठरतं.

चारचौघांच्या भीतीत कृती दिसत नाही, म्हणून आजारही दिसत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात कप-बशी वाजू नये म्हणून चहाच नको म्हणणारा मुलगा, बँकेच्या खिडकीशी कुणी बघत असताना सही करायला लागली तर हात आखडणारी शिक्षिका, तोंडी परीक्षेला येत असूनही गप्प बसणारा विद्यार्थी, हे आपल्याला भिडस्त वाटतात. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली या भीतीचं जे चित्र मांडलं ते आजही उपचाराचा पाया आहे. भीती वाटली की माणसाचं लक्ष समोरच्याकडून सुटून स्वतःकडे वळतं. आपला आवाज कसा येतोय, कपाळावर घाम दिसतोय का, हे तो आतून बघत बसतो आणि ते आतलं चित्रच लोकांना दिसतंय असं धरून चालतो. मग बचावाची साधनं येतात. पेला दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, वाक्य तोंडातल्या तोंडात घोकून मगच बोलायचं, दाराजवळची खुर्ची पकडायची. समारंभ निभावतो. पण तो त्या साधनांमुळेच निभावला असा हिशेब मनात मांडला जातो, आणि लोकांचं आपल्याकडे फारसं लक्ष नव्हतंच, हे कळायची संधी हुकते. शेगडीचं बटण आणि दाराजवळची खुर्ची या दोन्हींत यंत्र एकच चाललेलं असतं.

मग गोळी कशाला, हा स्वाभाविक आक्षेप. सवयच मोडायची आहे तर मनाचा निग्रह पुरे, रसायन कशाला? या आक्षेपाला इतिहासानंच उत्तर दिलं आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेनमधल्या डॉक्टरांनी नोंदवलं की गायगी या स्विस कंपनीचं क्लोमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध मंत्रचळावरही चालतं. तोवर हा आजार हट्टी म्हणून कुप्रसिद्ध होता. अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या मिळून पाचशेवर रुग्णांवर तुलना झाली आणि ती १९९१ साली छापली गेली. क्लोमिप्रामिन घेणाऱ्यांची लक्षणं एका चाचणीत सरासरी ३८ टक्के आणि दुसरीत ४४ टक्के उतरली. दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांची ३ आणि ५ टक्के. हे शेवटचे दोन आकडे मला सर्वांत बोलके वाटतात. नैराश्यात नुसत्या आशेनं, नुसत्या गोळीच्या दर्शनानं पुष्कळ जणांना बरं वाटतं. इथे तसं घडलं नाही. त्या लोकांत निग्रहाची वाण होती असं म्हणणाऱ्यानं एक दिवस हात न धुता राहून बघणाऱ्या रुग्णाचा घाम पाहावा. आणखी एक पुरावा याच औषधाच्या घराण्यातला. डेसिप्रामिन हे क्लोमिप्रामिनचं भावंड, नैराश्यावर चांगलं, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मुलांवर दोन्हींची तुलना झाली तेव्हा मंत्रचळावर ते फिकं पडलं. दोघांतला मोठा फरक सेरोटोनिनवरच्या जोराचा. मेंदूत सेरोटोनिन ‘कमी पडतं’ म्हणून आजार होतो, असं त्यावरून सिद्ध होत नाही, हेही लगेच सांगतो. ताप उतरवणाऱ्या गोळीवरून तापाचं कारण कळत नाही.

क्लोमिप्रामिननंतर एसएसआरआय गटातली औषधं आली: फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटालोप्राम. ती क्लोमिप्रामिनपेक्षा सोसायला सोपी, म्हणून आज आधी तीच देतात. पण मंत्रचळात त्यांच्या वापराच्या दोन गोष्टी नैराश्याहून वेगळ्या आहेत आणि त्या रुग्णाला कुणी समजावून सांगत नाही. एक, मात्रा बहुधा जास्त लागते. दोन, वेळ जास्त लागतो. आठ ते बारा आठवडे, तेही मात्रा पुरेशी झाल्यावर. आपल्याकडे घडतं असं की पहिल्या आठवड्यात मळमळतं, झोप चाळवते, अस्वस्थता उलट वाढल्यासारखी वाटते. तिसऱ्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून माणूस गोळी सोडतो आणि ‘औषध करून पाहिलं, उपयोग नाही’ असा शिक्का कायमचा बसतो. ते औषध करून पाहिलेलंच नसतं. दुष्परिणामांबद्दलही उघड बोललं पाहिजे. लैंगिक इच्छा आणि क्षमता मंदावणं ही पुष्कळांची तक्रार असते. आपल्याकडे ती डॉक्टरांपुढे क्वचित मांडली जाते, आणि औषध गुपचूप बंद करण्यामागे कित्येकदा तीच असते. मात्रा किंवा औषध बदलून तिच्यावर मार्ग निघू शकतो, पण सांगितली तर. कोवळ्या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकी नियामकानं २००४ साली मुलं आणि किशोरांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंत नेला. याचा अर्थ तरुणांना औषध देऊ नये असा नाही. पहिल्या महिन्यात घरच्यांनी आणि डॉक्टरांनी जवळून लक्ष ठेवावं, असा आहे.

आता गोळीची मर्यादा. चाळीस टक्के उतार म्हणजे काय? मंत्रचळ मोजायची एक पट्टी आहे, येल-ब्राउन नावाची, शून्य ते चाळीस गुणांची. समजा कुणाचे २६ गुण आहेत. चाळीस टक्के उतार पडला तर जवळपास १६ उरतात. रोजचे पाच तास धुण्यात जात होते, ते तीनवर आले. दोन तास परत मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. पण राहिलेले तीन तास गोळी आपणहून सोडवत नाही. १९८८ सालच्या एका अभ्यासात क्लोमिप्रामिननं बरं वाटत असलेल्या १८ जणांचं औषध त्यांना न कळवता उतरवून थांबवलं. सात आठवड्यांत १६ जणांची लक्षणं चांगलीच परतली.

इथे लोक म्हणतात, बघा, म्हणजे सवय लागली. तशी सवय ही नव्हे. ज्याचं व्यसन लागतं त्याची ओढ लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते. एसएसआरआय अचानक थांबवलं तर काही दिवस गरगरणं, चिडचिड, अंगात झटके आल्यासारखं वाटणं होतं, म्हणून ते हळूहळू उतरवतात. पण आजार परत येणं ही वेगळी घटना आहे. चष्मा काढल्यावर अक्षरं पुन्हा पुसट झाली तर चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही. खरं व्यसन लागतं ते अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचं, आणि गंमत अशी की ‘त्या साध्या, झोपेच्या’ म्हणून त्यांच्याबद्दल घरात तक्रार नसते. आपल्याकडे ती औषधं विकताना दुकानदारानं वेगळी नोंदवही ठेवावी असा नियम आहे; तो का केला असेल, याचा विचार करावा.

गोळी जिथे थांबते तिथे सवयीचं खरं काम सुरू होतं. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर एक साधी, त्या काळी निर्दय वाटलेली गोष्ट करून पाहिली. ज्याची भीती त्याला हात लावायला सांगायचं आणि नंतरची धुण्याची कृती करू द्यायची नाही. यालाच पुढे ईआरपी म्हणू लागले, भिडणं आणि रोखणं. अनेकांना वाटतं, रोखलं तर कासाविशी चढतच जाईल आणि माणूस फुटेल. रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनीच १९७६ साली घड्याळ लावून बघितलं. कृती न करता बसवलं तर तगमग आपोआप उतरत जाते. पहिल्या तासाभरातच बरीच, तीन तासांत बहुतेक सगळी. मंत्रचळ्या माणसाला हे ठाऊक नसतं, कारण तो कधी तासभर थांबलेलाच नसतो.

गोळी आणि ईआरपी यांची सरळ तुलना एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. बारा आठवड्यांत, उपचार सुरू केलेल्यांपैकी ईआरपीनं ६२ टक्क्यांना गुण आला, क्लोमिप्रामिननं ४२ टक्क्यांना, दोन्ही मिळून ७० टक्क्यांना, औषध नसलेल्या पोकळ गोळीनं ८ टक्क्यांना. २०१३ साली, एसएसआरआय घेऊनही पुरतं बरं न वाटलेल्या शंभर जणांवर आणखी एक चाचणी झाली. कुणाला ईआरपीची जोड, कुणाला रिस्पेरिडोन या दुसऱ्या औषधाची, कुणाला पोकळ गोळीची. ईआरपी मिळालेल्यांत ८० टक्के सुधारले, रिस्पेरिडोनवाल्यांत २३, पोकळ गोळीवाल्यांत १५. आपल्या दवाखान्यांत मात्र एक औषध पुरलं नाही की दुसरं औषध चढवण्याची रीत आहे. हे मी डॉक्टरांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. सकाळच्या ओपीडीत साठ पेपर समोर असताना एका रुग्णाला तासभर कमोडला हात लावून बसवायला कोण मोकळं आहे? पण रीत चुकीची आहे.

मग गोळी सोडूनच का देऊ नये? मलाही हा मोह पडतो. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्याला लगाम घालतो. औषध चालू असताना ईआरपीनं बरे झालेल्या १३७ जणांपैकी निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची उतरवली. सरासरी गुणांत दोन गट जवळजवळ सारखेच राहिले. तरीही गोळी उतरवलेल्यांपैकी ४५ टक्क्यांची तब्येत मध्येच स्पष्ट बिघडली, चालू ठेवलेल्यांपैकी २४ टक्क्यांची. माझा अर्थ असा की सवय पक्की बसली तर गोळी उतरवता येते, पण ती अंदाजपंचे नाही, डॉक्टरांच्या नजरेखाली, परीक्षा किंवा लग्न असल्या धामधुमीचा महिना टाळून. लुइस बॅक्स्टर यांच्या चमूनं १९९२ साली मेंदूची पेट-छायाचित्रं काढली, तेव्हा फ्लुओक्सेटिननं सुधारलेल्यांत आणि केवळ वर्तनोपचारानं सुधारलेल्यांतही कॉडेट नावाच्या केंद्रातली धावपळ कमी झालेली दिसली. रुग्ण थोडे होते, म्हणून त्यावर फार इमले बांधू नयेत. पण औषध तेवढं शरीराचं आणि सवय तेवढी मनाची, ही वाटणी त्यानंतर तितकीशी टिकत नाही.

चारचौघांच्या भीतीबद्दल एक आक्षेप अधिक जोरकस आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. पॅरोक्सेटिनला या आजारासाठी अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली, आणि मागोमाग जाहिरातींची अशी लाट आली की साधा लाजाळूपणाही बाजारात आजार म्हणून विकला गेला. हे घडलं, नाकारण्यात अर्थ नाही. पण जाहिरात खोटी असली म्हणून ज्या माणसानं मुलाखतीच्या भीतीनं नोकरीचे अर्ज फाडले त्याचं दुःख खोटं ठरत नाही. लाजाळू माणूस लग्नाला जातो आणि कोपऱ्यात बसतो. या आजाराचा माणूस सख्ख्या बहिणीच्या लग्नातही मांडवाबाहेर गाड्या लावून घेण्याचं काम स्वतःकडे घेतो. आयुष्यातून किती वजा झालं, हा निकष पुरेसा आहे. औषधांचा उपयोग इथेही सिद्ध आहे; १०१ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात एसएसआरआयनं फायदा दिसला, पण एकेकट्या रुग्णावर केलेला वर्तनोपचार सगळ्यांत सरस ठरला. भाषणाआधी प्रोप्रॅनोलॉल घेऊन हाताचा कंप आणि छातीची धडधड आवरते, तेवढ्यापुरती. पण ते दम्याच्या रुग्णाला चालत नाही, आणि दर बैठकीआधी खिशात चाचपून पाहावं लागलं की ती गोळीही दाराजवळची खुर्ची झाली.

जीवनशैलीचा उपदेश करताना आपण नेहमी हेच विसरतो. व्यायाम करा, वेळेवर झोपा, चहा-कॉफी कमी करा, ध्यान करा, हे सगळं चांगलंच. व्यायामानं आणि पुरेशा झोपेनं मन उजळतं, भीतीची पातळी उतरते, आणि भिडायला अंगात बळ राहतं. एवढ्यासाठी ते हवं. मंत्रचळाच्या रुग्णांची झोप पुष्कळदा रात्री उशिरा सरकलेली असते, कारण रात्रीच्या तपासण्या उरकायच्या असतात. तेव्हा झोपेची वेळ सांभाळणं हाही उपचार होतो, पण तपासण्या न करता बिछान्यात गेलं तरच. ‘कॉफी वाईट’ हे सरधोपट सूत्रही इथे डगमगतं. २००९ सालच्या एका लहानशा प्रयोगात, दाद न देणाऱ्या मंत्रचळाच्या रुग्णांवर एका उत्तेजक औषधाची परीक्षा करायची होती आणि तुलनेला नुसतं कॅफिन ठेवलं होतं. पुष्कळांना कॅफिननंही बरं वाटलं! चोवीस माणसांवरून कुणी कॉफीची शिफारस करू नये. चारचौघांच्या भीतीत तर धडधड वाढून तीच कॉफी घातक ठरू शकते. सांगायचं इतकंच की पथ्याची यादी सर्वांसाठी एक छापून भिंतीवर लावता येत नाही. दारूबद्दल मात्र माझ्या मनात संदेह नाही. चारचौघांत बोलता यावं म्हणून घेतलेला पहिला पेग हे बचावाचं साधन सर्वांत झपाट्यानं मालक होतं.

जप आणि ध्यानाचा प्रश्न नाजूक आहे, कारण तिथे आक्षेप श्रद्धेचा असतो. नामस्मरणानं शांती मिळत नाही असं कोण म्हणेल? योगाचा फायदा काही लहान चाचण्यांत दिसलाही आहे. पण अशुभ विचार आला म्हणून एकवीस वेळा नाम घेणं, मोजणीत चूक झाली की पुन्हा एकवीस, हे नामस्मरण राहिलेलं नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. आज राहून गेलं तर काय होईल, असं विचारा. उत्तर ‘काही नाही, उद्या करीन’ असेल तर ती साधना. उत्तर ‘आईला काहीतरी होईल’ असेल तर ती कृती आजाराची, आणि तिला ईआरपीत इतर कृतींबरोबर उभं करावं लागेल. श्रद्धा त्यानं कमी होत नाही. कित्येक भाविक रुग्णांना उलट देव्हारा परत मिळतो.

सवयींत सर्वांत दुर्लक्षित सवय घरच्यांची आहे. ‘बंद आहे ना गॅस?’ ‘हो, बंद आहे.’ प्रेमानं दिलेलं हे उत्तर रात्रीतून पंधरा वेळा दिलं जातं. मुलगा बाहेरून आला की कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे, पाहुण्यांना घरी बोलवायचं नाही, मुलीऐवजी बापानं फोनवर बोलायचं. आपल्या एकत्र कुटुंबांत ही मदत इतकी सहज होते की घरातले चार लोक मिळून आजार चालवतात आणि रुग्णाला त्याची झळ लागू देत नाहीत. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या गटानं २०२० साली १२४ मुलांवर दाखवलं की, मुलाला न भेटता केवळ आईवडिलांना ही मदत मागे घ्यायला शिकवलं, तरी मुलाची चिंता थेट वर्तनोपचाराइतकीच कमी होते. मदत काढायची म्हणजे हिसकावायची नव्हे. ‘मला ठाऊक आहे तुला भीती वाटतेय, आणि ती तू सोसशील, मी उत्तर देणार नाही’ एवढं एकच वाक्य शांतपणे म्हणायचं. पहिल्या आठवड्यात आदळआपट होते, भांडी फुटतात. सर्वांनी आधी ठरवून एकाच वेळी सुरू करावं लागतं. आजी गुपचूप उत्तर देत राहिली तर सगळं मुसळ केरात.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा, आणि मला तो सर्वांत जड वाटतो. ईआरपी करणारे आहेत कुठे? २०१५-१६चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात हजार प्रौढांत सुमारे आठ जणांना मंत्रचळ आढळला, आणि चिंता-नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांच्या शंभरांतल्या ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला ‘प्रशिक्षित वर्तनोपचारक गाठ’ म्हणणं ही थट्टा होईल. म्हणून तिथे गोळी आधी, हे मी मान्य करतो. ती स्वस्त आहे, जिल्हा रुग्णालयात मिळू शकते, आणि काहीच न मिळण्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे. पण त्यावर थांबायचं कारण नाही. गोव्यात संगाथ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, स्थानिक समुपदेशकांना शिकवून चिंता आणि नैराश्यावर काम करून घेतलं. २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना स्पष्ट फायदा झालेला दिसला, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. तो प्रयोग मंत्रचळावर नव्हता, म्हणून त्याचं उत्तर जसंच्या तसं इथे लागू करता येत नाही. तरी बटण एकदाच बघायचं, घड्याळ लावून थांबायचं आणि तगमग उतरताना बघायची, हे शिकवायला पदवीपेक्षा सराव जास्त लागतो, असं मला वाटतं. जबर आजार, आत्महत्येचे विचार, लहान मुलं, हे तज्ज्ञांकडेच गेलं पाहिजे. बाकीच्यांना १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावरून निदान वाट तरी विचारता येते.

आता प्रश्नोत्तरं. या सभागृहातही दाराजवळच्या खुर्च्या आधी भरल्या, हे मी वर आल्यावर पाहिलं. त्याचा अर्थ उकाडा असाही असू शकतो. प्रश्नांसाठी संयोजकांनी चिठ्ठ्यांची सोय केली आहे. ज्यानं आजवर चिठ्ठीही लिहिली नाही, त्याच्यासाठी ती पहिली पायरी आहे. जो दर वर्षी चिठ्ठीच लिहितो, त्याच्यासाठी आज नाही. चिठ्ठ्या पहिल्या रांगेच्या कडेला ठेवल्या आहेत. माईक मधल्या वाटेवर आहे. नाव सांगितलं नाही तरी चालेल, आणि वाक्य घोकून यायची गरज नाही.